बिशप पामर आणि ऐक्याची दीर्घ साधना

नाताळ जवळ आला की येशू ख्रिस्तांच्या जन्माची कथा वृत्तपत्रांतून आपल्या वाचनात येते. बेथलेहेमच्या गोठ्यातील ती कथा आता बहुतेक हिंदू घरांनाही परिचित झाली आहे. यंदा ती पुन्हा न सांगता, त्या कथेवर श्रद्धा ठेवणाऱ्यांच्या घरात गेल्या शतकात घडलेली एक गोष्ट आम्ही सुज्ञ वाचकांपुढे मांडू इच्छितो. एकाच देवाला भजणारी, एकच ग्रंथ वाचणारी, परंतु एका पंगतीला न बसणारी माणसे पुन्हा एकत्र कशी आली, आणि त्यासाठी कोणी काय सोडले, असा या लेखाचा विषय आहे. धर्मांतराच्या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. शेजाऱ्याच्या घरातील भावाभावांचा तंटा कसा मिटला हे पाहिले तर आपल्याही घराला त्याचा उपयोग होतो, एवढाच आमचा हेतू आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूंची एक प्रार्थना आहे. शत्रूंच्या हाती पडण्याच्या थोडे आधी, त्याच रात्री त्यांनी आपल्या शिष्यांसाठी आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी देवाकडे जे मागितले, त्यात या सर्वांनी एक असावे हे मागणे प्रमुख होते. हे वचन माहीत असूनही ख्रिस्ती समाज शतकानुशतके दुभंगत गेला. पूर्वेचे आणि पश्चिमेचे चर्च वेगळे झाले. सोळाव्या शतकात पश्चिमेतही फूट पडून रोमच्या पोपचे अनुयायी एका बाजूस आणि प्रोटेस्टंट दुसऱ्या बाजूस झाले. पुढे प्रोटेस्टंटांतही अनेक पंथ निघाले. इंग्लंडच्या राजाने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडला. त्यातून जे राष्ट्रीय चर्च उभे राहिले, त्याच्या परंपरेला अँग्लिकन म्हणतात.

आपल्या किनाऱ्यावरील पंथ

आपल्या पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटले की वसई डोळ्यांपुढे येते. पोर्तुगीज अमदानीपासूनचा तेथील कॅथलिक समाज मराठीशी एकरूप झालेला आहे. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना लाभले, हे वाचकांना स्मरत असेल. परंतु सालवडहून बोईसर स्थानक गाठून उत्तरेस डहाणूकडे किंवा दक्षिणेस पालघरकडे गेले, तर एक अगदी निराळा ख्रिस्ती पंथ भेटतो. त्याचे नाव ब्रेदरन.

या पंथाचा उगम जर्मनीतील श्वार्झेनाऊ नावाच्या खेड्यातला. १७०८ साली तेथे आठ माणसांनी नदीत उतरून नव्याने बाप्तिस्मा घेतला. अर्भकाला कळत नाही, म्हणून दीक्षा जाणत्या वयातच द्यावी, आणि तीही पाण्यात तीन बुड्या देऊन, असा त्यांचा आग्रह होता. शस्त्र हाती धरायचे नाही, आणि प्रभुभोजनाच्या प्रसंगी एकमेकांचे पाय धुवायचे, हाही त्यांचा नेम. छळ झाला म्हणून ते अमेरिकेत गेले. तेथून त्यांचे धर्मप्रचारक १८९४ साली भारताकडे निघाले, त्यांनी प्रथम वलसाडला ठाणे केले, आणि नंतर ते डहाणू, पालघर, वाडा या आपल्या भागात आले.

बाकीच्या महाराष्ट्रातही हाच प्रकार झाला. नाशिकला अँग्लिकन आले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन आले, आणि त्यांच्यात बिशप हे पदच नव्हते. कोल्हापुरास अमेरिकेचे प्रेस्बिटेरियन, तर जालना आणि नागपूर येथे स्कॉटलंडचे मिशनरी. ज्या पुण्याच्या पंचहौद मिशनातील १८९० सालच्या चहाने लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताचा प्रसंग आणला, ते मिशन अँग्लिकनांचे. कोणत्या गावाला कोणता पंथ मिळाला, हे त्या गावकऱ्यांनी ठरविले नव्हते. जो मिशनरी प्रथम पोहोचला, त्याचा पंथ त्या गावाचा झाला.

यातून केवढी अडचण उभी राहते हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागणार नाही. समजा, नाशिककडचा एक ख्रिस्ती तरुण आणि नगरकडची एक ख्रिस्ती तरुणी पोटासाठी मुंबईला आली. दोघांची भाषा मराठी आणि दोघांचे पवित्र शास्त्र मराठी. रेव्हरंड टिळकांची भजने दोघांच्याही ओठांवर. पण रविवारी दोघांची देवळे दोन. बिशपने मस्तकावर हात ठेवून दृढीकरण केलेले नाही, म्हणून अँग्लिकन वेदीवरचा प्रसाद त्या तरुणीला मिळत नसे. जर्मनी, इंग्लंड आणि स्कॉटलंड येथे दोनतीनशे वर्षांपूर्वी झालेल्या वादांचे ओझे मराठी माणसांच्या डोक्यावर येऊन बसले होते.

मुंबईचे बिशप

या परिस्थितीत १९०८ साली एडविन जेम्स पामर मुंबईचे अँग्लिकन बिशप म्हणून आले. त्यांचा जन्म १८६९ चा, म्हणजे महात्मा गांधींच्याच वर्षीचा. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात ते शिकले, आणि पुढे तेथेच अध्यापक व उपासनाप्रमुख म्हणून त्यांची वर्षे गेली. त्यांच्या आडनावाबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पामर हा शब्द आम्हा कीर्तनकारांच्या रोजच्या वापरातला; संतांनी तो नम्रतेने स्वतःला लावून घेतला. इंग्रजीत मात्र जेरुसलेमची यात्रा करून खजुराच्या जातीच्या झाडाची झावळी घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूला जुन्या काळी पामर म्हणत. म्हणजे आपल्या भाषेत वारकरीच. या गृहस्थांच्या चरित्राला दोन्ही अर्थ शोभतात.

मुंबईचे बिशपपद तेव्हा लहान नव्हते. त्याची स्थापना १८३७ ची. फोर्ट भागातील सेंट थॉमस हे चर्च, जे १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडले, ते बिशपचे आसन ठरले. चर्चगेट हे नावही त्याच चर्चवरून पडले आहे. बिशपची नेमणूक इंग्लंडचा राजा करी, आणि वेतन सरकारी तिजोरीतून येई. लष्करी छावण्यांतील गोऱ्या सैनिकांसाठी सरकारी धर्मोपदेशक असत, तेही याच व्यवस्थेतले. थोडक्यात, बिशप हा राजसत्तेच्या छत्राखालचा मानकरी होता.

परक्या सत्तेच्या छत्राखालचे चर्च या देशाचे कसे होणार, असा प्रश्न पामरसाहेबांपुढे उभा राहिला. भारतातील अँग्लिकन चर्चने इंग्लंडच्या कायद्याच्या बंधनातून बाहेर पडावे, आपले नियम आपण करावेत, आपले बिशप आपण निवडावेत, अशी मागणी पुढे आली, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत ते अग्रभागी होते. १९२७ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला, आणि १ मार्च १९३० पासून भारताचे अँग्लिकन चर्च स्वतंत्र झाले. देश स्वतंत्र होण्याच्या सतरा वर्षे आधीची ही गोष्ट. राजाश्रयाने मिळालेले आसन ज्याच्याकडे होते, त्यानेच तो आश्रय सोडण्यासाठी खटपट केली, हे विशेष.

दीक्षेचा पेच

त्यापेक्षा अवघड गाठ दुसरीच होती. १९१९ च्या मे महिन्यात तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे ३३ धर्मसेवक जमले. दोघे सोडले तर सारे भारतीय. १७०६ साली भारतात पहिले प्रोटेस्टंट मिशनरी उतरले ते याच गावी. सभेचे अग्रणी होते दोर्नकलचे बिशप अझरय्या. अँग्लिकन चर्चमध्ये बिशप झालेले ते पहिले भारतीय, १९१२ पासूनचे. आमच्यातील ही फूट आम्ही निर्माण केलेली नाही, ती बाहेरून आमच्यावर आली, आणि ती पुढे चालविण्याची आमची इच्छा नाही, असा त्यांच्या जाहीरनाम्याचा आशय होता. दक्षिणेत काही पंथ १९०८ सालीच एकत्र आले होते; त्यांच्याशी अँग्लिकनांची बोलणी १९२० साली सुरू झाली. अँग्लिकनांच्या बाजूने त्यात बसणाऱ्यांत मुंबईचे पामर हे एक प्रमुख विचारवंत होते.

पेच कोणता? अँग्लिकन परंपरेत बिशप बिशपला दीक्षा देतो आणि बिशपच पाळकांना दीक्षा देतो. ही साखळी येशूंच्या शिष्यांपर्यंत पोहोचते अशी त्यांची श्रद्धा. आपल्याकडील गुरुपरंपरेशी ताडून पाहिले तर हे चटकन उमगेल. ज्याची परंपरा अखंड, त्याचाच उपदेश ग्राह्य, असे म्हणणारे आपल्याकडेही आहेत. अन्य पंथांच्या पाळकांना बिशपकडून दीक्षा मिळालेली नव्हती. मग एकत्र व्हायचे तर त्यांनी पुन्हा दीक्षा घ्यावी काय?

धर्मशास्त्रात पुनरुपनयन नावाचा विधी आहे. हातून काही दोष घडला तर प्रायश्चित्त म्हणून मुंज पुन्हा करावयाची. आता एखाद्या वेदसंपन्न वृद्ध ब्राह्मणाला, ज्याच्या शिष्यांचेही शिष्य झाले आहेत, कोणी म्हणाले की, आमच्या घराशी संबंध जोडायचा असेल तर तुमची मुंज पुन्हा लावू, तर तो काय समजेल? आजवरची आपली संध्या, आपले अध्ययन, आपले आचार्यत्व सारे फोल ठरले असेच तो समजेल, आणि मानाने उठून जाईल. चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतून सेवा केलेल्या पाळकांपुढे नेमका हाच प्रश्न होता. उलट बाजूने पाहिले तर, जी साखळी अँग्लिकनांना प्राणाहून प्रिय, ती सोडा असे त्यांना तरी कसे सांगावे?

पामर हे परंपरा मानणारे बिशप होते. बिशपपदाविषयी त्यांना अणुमात्र शंका नव्हती. म्हणूनच त्यांनी केलेल्या विचाराला किंमत आहे. ज्याला परंपरेची पर्वा नाही, त्याने ती सोडली तर त्यात त्याग कसला? १९२० साली लंडनला जगभरातील २५२ अँग्लिकन बिशपांची परिषद भरली आणि तिने सर्व ख्रिस्ती जनांना ऐक्याचे आवाहन केले. त्या आवाहनाच्या घडणीत पामरसाहेबांचा हात होता. बिशप नसलेल्या पंथांच्या सेवेवरही देवाची कृपा उघड दिसते, हे त्यात मान्य झाले होते. दोन्ही बाजूंच्या धर्मसेवकांनी परस्परांकडून अधिकार घ्यावा, असाही विचार तेव्हा पुढे आला. दक्षिणेत तो सर्वांना रुचला नाही. ही झाकलेली पुनर्दीक्षाच होय, अशी अनेकांना शंका आली.

वर्षानुवर्षांच्या बैठकांनंतर जो मार्ग निघाला तो असा. एकीकरणाच्या दिवशी ज्या पंथाचा जो पाळक असेल, तो तसाच संयुक्त चर्चचा पाळक. त्याला पुन्हा दीक्षा नाही. त्या दिवसानंतर मात्र प्रत्येक नवा पाळक बिशपच्या हस्तेच दीक्षित होईल. तीस वर्षांत जुनी पिढी ओसरेल आणि भेद आपोआप मावळेल. आणि जो पाळक किंवा जो उपासनाविधी एखाद्या मंडळीच्या अंतःकरणाला पटत नाही, तो तिच्यावर लादला जाणार नाही, असे वचन सर्वांनी सर्वांना द्यावे. गाठ सुरीने कापली नाही, दोरा मऊ होईपर्यंत धीर धरला.

योजनेचा मसुदा १९२९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पामरसाहेब मुंबईचे पद सोडून मायदेशी परतले आणि ग्लॉस्टर येथे साहाय्यक बिशप झाले. एकवीस वर्षे मुंबईचे पीठ सांभाळलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली काम करू लागला. ऐक्य त्यांच्या कारकिर्दीत झाले नाही. पुढेही अठरा वर्षे वादात गेली. प्रख्यात इंग्रज कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली. अशा एकीकरणात परंपरेचा नाश आहे, असे त्यांचे प्रतिपादन. बिशप अझरय्या १ जानेवारी १९४५ रोजी निवर्तले. देश स्वतंत्र झाल्यावर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये दक्षिण भारताचे संयुक्त चर्च अस्तित्वात आले. पामर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. १९५४ साली त्यांचा देह पडला.

नागपूरचा रविवार

महाराष्ट्राला या ऐक्यासाठी आणखी तेवीस वर्षे थांबावे लागले. २९ नोव्हेंबर १९७० हा नाताळपूर्व उपासनाकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचे आधीच एक झालेले चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, डिसायपल्स, आणि आपल्या पालघर–डहाणूकडचे ब्रेदरन, असे सहा प्रवाह त्यात मिसळले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अखेरच्या काही महिन्यांत मागे फिरले.

दक्षिणेने बाजूस ठेवलेला मार्ग उत्तरेने घेतला. सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाला पूर्वी काय मिळाले होते आणि काय नव्हते, हा हिशेब माणसांनी मांडला नाही. ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशी भूमिका होती. बाप्तिस्म्याबाबतही असेच झाले. अर्भकाला दीक्षा देणारे आणि जाणत्यालाच देणारे, दोघांच्या रीती एका छत्राखाली मान्य झाल्या. नाशिक आणि नगर यांच्यामधील भिंत, जी कोणाही मराठी माणसाने बांधली नव्हती, ती त्या रविवारी खाली आली.

परंतु कथा येथे संपविली तर ती अर्धीच होईल. प्रार्थनेत जे एक झाले ते दप्तरात एक होईलच असे नाही. ब्रेदरन मंडळीतील काहींनी विलीनीकरण अमान्य केले, आणि विश्वस्त संस्थेच्या मिळकतींचा वाद न्यायालयात गेला. तो दशकानुदशके चालला. गुजरातेतील ब्रेदरन विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मिळकत संयुक्त चर्चकडे जात नाही. ब्रेदरन नावाची स्वतंत्र मंडळीही पुन्हा उभी राहिली. देवस्थानांच्या विश्वस्तांचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. हात मस्तकावर ठेवणे एका क्षणाचे काम; सातबाऱ्यावरचे नाव बदलणे त्याहून कठीण.

तरीही जे साधले ते थोडके नाही. पुण्यात अँग्लिकन परंपरेच्या एका जुन्या आश्रमाला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाला, १९७२ साली नवे रूप आले, आणि अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनी तेथे एकत्र राहू लागल्या. त्यांतील सारा ग्रँट या शांकर वेदान्ताच्या अभ्यासक होत्या. दक्षिणेचे संयुक्त चर्च, उत्तरेचे संयुक्त चर्च आणि केरळचे मार थोमा चर्च यांनी १९७८ साली संयुक्त मंडळही स्थापन केले.

आपण काय घ्यावे

आम्ही कीर्तनात नरहरी सोनारांचे आख्यान लावतो. कट्टर शैव नरहरी डोळे बांधून विठ्ठलाच्या कमरेचे माप घेतात, हाताला शंकराची खूण लागते, डोळे उघडले की पुन्हा विठ्ठल. श्रोते माना डोलावतात. हरिहरांचे ऐक्य आपल्या महाराष्ट्राला नवे नाही, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु दिंडीचा क्रम कोणता, पहिला गंध कोणाला, कोणत्या फडाचा कीर्तनकार आधी उभा राहील, या प्रश्नांवर आपली पट्टी सुटत नाही. देव एक आहे हे मान्य करावयास आपल्याला श्रम पडत नाहीत. समोरच्याची दीक्षा आपल्या दीक्षेइतकीच खरी आहे, हे मान्य करताना मात्र जीभ जड होते.

पामरसाहेबांच्या चरित्रातून आम्हाला घ्यावेसे वाटते ते हेच. ऐक्याच्या वाटाघाटीत ज्याची परंपरा सर्वांत उंच, त्याने प्रथम वाकावे. आपली परंपरा टाकावी असे नव्हे. त्यांनी ती टाकली नाही, आणि पुढील प्रत्येक पाळकाला ती लाभेल अशी तजवीजही योजनेत झाली. दुसऱ्याला उणे ठरविण्यासाठी मात्र तिचा वापर त्यांनी होऊ दिला नाही. दुसरे असे की, जे आपल्या हयातीत फळास येणार नाही, त्यासाठी वर्षानुवर्षे बैठकांत बसण्याची त्यांची तयारी होती. तीस वर्षांची मुदत घालणारा माणूस स्वतःसाठी काही मागत नसतो.

बोईसर–तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आज आपल्या शेजारी देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे राहतात. त्यांच्या घरांवर नाताळात कागदी तारा लागेल. मलयाळी घरावरचा तारा, तमिळ घरावरचा, डहाणूकडील आदिवासी ख्रिस्ती घरावरचा, दिसायला सारखाच असेल. आतील उपासनेच्या रीती निराळ्या असतील. त्या ताऱ्यापाशी थांबून शेजाऱ्याला सणाच्या शुभेच्छा द्याव्यात, त्याच्या हातचा फराळ आनंदाने घ्यावा. आणि घरी परतल्यावर, आपल्याच गावातील ज्या आळीशी, ज्या भावकीशी, ज्या दिंडीशी आपले बोलणे मानापमानावरून थांबले असेल, तेथे पहिले पाऊल आपण टाकावे. सर्वांना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा.